बारीक अंगकाठी आणि इम्प्लांटच्या सुरकुत्या: निवड कशी करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३१, राहणं ठाण्यात, उंची १६० सेंटिमीटर, वजन ४६ किलो. दूध पाजणं थांबवून दीड वर्ष झालं आणि तेव्हापासून छाती रिकामी झाल्यासारखी वाटते. एका डॉक्टरांनी स्तनात ३५० सीसीचं गोल सिलिकॉन इम्प्लांट छातीच्या स्नायूच्या वर बसवू म्हणून सांगितलं. दुसरे म्हणाले, 'गमी बेअर', म्हणजे घट्ट जेलचं इम्प्लांट घ्या, मग रिपलिंगचा, म्हणजे कातडीतून इम्प्लांटच्या सुरकुत्या दिसण्याचा, प्रश्नच येत नाही. न्यू जर्सीतल्या मावसबहिणीला सलाईनचं इम्प्लांट आहे आणि तिच्या काखेकडच्या बाजूला सुरकुत्या स्पष्ट दिसतात, ते बघून तुम्ही धास्तावला आहात. कुठलं इम्प्लांट घेतलं तर असं होणार नाही, असं तुम्ही विचारलंय.

मी प्लास्टिक सर्जन आहे आणि हे ऑपरेशन बरीच वर्षं करते आहे. तपासल्याशिवाय तुमचा नेमका आकडा सांगणं चुकीचं ठरेल, पण विचार कुठून सुरू करायचा ते सांगता येतं. सुरुवात इम्प्लांटपासून करायची नाही. आधी तुमच्या अंगावर झाकायला किती आहे ते बघायचं, मग आकार ठरवायचा, मग जागा, आणि जेलचा प्रकार व कंपनी सगळ्यात शेवटी. बहुतेक जणी उलट्या टोकाकडून येतात, कारण कंपन्यांची माहितीपत्रकं त्याच टोकाकडून लिहिलेली असतात.

सुरकुत्या येतात कशा, हे इम्प्लांट हातात धरल्याशिवाय पटत नाही. माझ्या टेबलावर नमुने ठेवलेले असतात, ते मी पेशंटच्या हातात देते. गोल सिलिकॉन इम्प्लांट टेबलावर आडवं ठेवलं की टच्च आणि गुळगुळीत दिसतं. तेच तळहातावर उभं धरलं की आतलं जेल वजनाने खाली उतरतं, वरच्या भागातलं कवच सैल पडतं आणि तिथे दोन-तीन घड्या उमटतात. जेल मऊ असेल तर घड्या खोल, घट्ट असेल तर जेमतेम एखादी. मग तोच नमुना मी रुमालाखाली उभा धरायला सांगते, आणि नंतर दुमडलेल्या टॉवेलखाली. रुमालातून घड्या दिसतात, टॉवेलमधून दिसत नाहीत. इम्प्लांट तेच असतं. आपण उभ्या राहिलो की छातीच्या आतही हेच घडतं. कमीजास्त घड्या जवळपास प्रत्येक इम्प्लांटला पडतात. त्या कातडीपर्यंत पोचतात की मधल्या थरातच जिरतात, यावर सगळं अवलंबून.

दिसणं आणि हाताला लागणं यात मात्र फरक करा. तुमच्या अंगकाठीच्या बाईला स्तनाखालच्या घडीजवळ (स्तन छातीला मिळतो तिथे) आणि काखेच्या बाजूला इम्प्लांटची कड हाताला लागणारच, मग ते जगातलं सर्वांत महाग इम्प्लांट का असेना. ती लागू नये अशी हमी कोणी देत असेल तर तिथून उठा. आपण टाळायला बघतोय ते डोळ्यांना दिसणं: पुढे वाकल्यावर छातीच्या मध्याकडे उमटणाऱ्या रेघा, हात वर केल्यावर काखेकडच्या बाजूला पडणाऱ्या घड्या.

आता मोजमापाकडे. कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, घेऊन स्तनाच्या वरच्या भागात, म्हणजे स्तनाग्राच्या बऱ्याच वर, कातडी आणि खालची चरबी-ग्रंथी चिमटीत धरायची आणि जाडी मोजायची. जगभर वापरला जाणारा ढोबळ आकडा २ सेंटिमीटरचा आहे. चिमटीत २ सेंटिमीटरपेक्षा कमी येत असेल तर इम्प्लांटच्या वरच्या भागावर स्नायूचं पांघरूण हवंच. लक्षात घ्या, चिमटीत दोन पदर येतात. म्हणजे चिमूट २ सेंटिमीटरची असेल तर प्रत्यक्ष इम्प्लांटवर झाकण साधारण एक सेंटिमीटरचंच असणार. तसाच चिमटा मध्यभागाकडे, काखेकडे आणि खालच्या घडीजवळही घ्यायचा. खालच्या घडीजवळ चिमूट अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर तिथे कड जाणवण्याची तयारी ठेवायची. दूध पाजणं थांबवून दीड वर्ष झालेल्या, ४६ किलो वजनाच्या बाईत वरची चिमूट २ सेंटिमीटर भरणं कठीण. म्हणून पहिल्या डॉक्टरांचा 'स्नायूच्या वर' हा सल्ला मला खटकतो. त्यांनी कॅलिपर लावला होता का? आकडा सांगितला होता का? नसेल तर परत जाऊन विचारा. त्यात संकोच कसला!

दुसरं माप स्तनाच्या पायाच्या रुंदीचं. छातीवर तुमचा स्तन जितका रुंद बसला आहे, तितक्या रुंदीत इम्प्लांट मावलं पाहिजे, आणि वर दोन्ही बाजूंना थोडं मांस उरलं पाहिजे. हिशेब सोपा आहे. समजा रुंदी १२ सेंटिमीटर आहे, काखेकडची चिमूट दीड सेंटिमीटर आणि मध्याकडची एक. दोन्हींचं निम्मं निम्मं, म्हणजे एकूण सव्वा सेंटिमीटर, वजा केलं की इम्प्लांटची रुंदी पावणेअकराच्या आसपास येते. या रुंदीत प्रोफाइलप्रमाणे, म्हणजे इम्प्लांट किती पुढे येतं त्याप्रमाणे, साधारण २०० ते २६० सीसीची इम्प्लांटं मिळतात. मध्यम प्रोफाइलचं ३५० सीसीचं इम्प्लांट साडेबारा-तेरा सेंटिमीटरच्या घरात जातं. ते बसतं, नाही असं नाही. कातडी ताणली जाते आणि पहिले काही महिने छान भरलेलं दिसतं. पण त्याची कड आता स्तनाच्या बाहेर, बरगडीवरच्या पातळ कातडीखाली गेलेली असते. तिथे झाकायला काहीच नसतं. तुमच्या मावसबहिणीच्या सुरकुत्या काखेकडेच का दिसतात, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

आकाराचा दुसरा त्रास हळूहळू दिसतो. सिलिकॉन जेल पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं, पण ३५० सीसी म्हणजे एका बाजूला जवळपास साडेतीनशे ग्रॅम वजन, रात्रंदिवस. त्या भाराने खालची कातडी ताणते, ग्रंथी दबून पातळ होते, आधीच कमी असलेलं झाकण दरवर्षी थोडं थोडं झिजतं. पहिल्या वर्षी न दिसलेली घडी सातव्या-आठव्या वर्षी दिसायला लागते ती अशी. इम्प्लांट बिघडलेलं नसतं, वरचं मांस कमी झालेलं असतं. रिपलिंग टाळण्यासाठी तुमच्या हातात सर्वांत जास्त काही असेल तर ते आकार थोडा लहान घेणं. तो निर्णय पूर्णपणे तुमचा असतो आणि त्याला एक पैसाही जास्त पडत नाही. मी हे सांगते तेव्हा समोरच्या चेहऱ्यावर निराशा दिसते, हे मला माहीत आहे. फोटो दाखवून 'मला अशी हवी' म्हणणं सोपं असतं, पण फोटोतल्या बाईची छाती किती रुंद आणि चिमूट किती जाड, हे फोटोत कुठे लिहिलेलं असतं?

घरी प्लास्टिकच्या पिशवीत तांदूळ भरून ब्रामध्ये ठेवून बघण्याची पद्धत सर्रास चालते. बघा खुशाल, साधारण अंदाज येतो. फक्त स्नायूखाली गेलेलं इम्प्लांट ब्रामधल्या तांदळाइतकं पुढे येत नाही. म्हणून 'मग ५० सीसी वाढवूनच घेऊ' असा मोह होतो. तो आवरा.

आता जागा. इम्प्लांट ग्रंथीच्या खाली आणि स्नायूच्या वर ठेवता येतं, किंवा छातीच्या मोठ्या स्नायूखाली. आज ज्याला ड्युअल प्लेन म्हणतात त्यात वरचा भाग स्नायूखाली आणि खालचा भाग ग्रंथीखाली राहतो. अमेरिकन सर्जन जॉन टेबेट्स यांनी २००१ मध्ये ही पद्धत नीट मांडली, आणि पातळ झाकणाच्या पेशंटसाठी आम्ही बहुतेक जण तीच वापरतो. वरच्या आणि मध्याकडच्या भागाला स्नायूचा एक जास्तीचा थर मिळतो, गळ्याजवळ कड उठून दिसत नाही. पण एक गोष्ट सल्लामसलतीत फारशी सांगितली जात नाही: हा स्नायू इम्प्लांटच्या खालच्या आणि बाहेरच्या भागावर पोचतच नाही. त्याची शरीररचनाच तशी आहे. म्हणजे 'स्नायूखाली ठेवलंय, आता सुरकुत्या दिसणार नाहीत' हे काखेकडच्या आणि खालच्या घडीजवळच्या सुरकुत्यांना लागू होत नाही. तिथे उपयोग होतो तो योग्य रुंदीचा, घट्ट जेलचा आणि गरज पडली तर चरबीचा.

स्नायूखाली ठेवण्याची किंमतही आहे. पहिले काही दिवस दुखणं जास्त असतं, आणि हात जोडून तळवे एकमेकांवर दाबले की स्तन हलतो, कधी वर-बाहेर ओढला जातो. तुम्ही जिममध्ये पुश-अप्स, बेंच प्रेस नियमित करत असाल तर हे आधीच सांगा. काही जणींना त्याचं काहीच वाटत नाही, काहींना आरशात बघवत नाही. 'छातीचे व्यायाम करून स्नायू जाड केला तर झाकण वाढेल ना?' असं बऱ्याच जणी विचारतात. व्यवहारात झाकण फारसं वाढत नाही, हालचाल मात्र जास्त दिसते.

इथेच मध्यभागाच्या दरीबद्दल बोलायला हवं. दोन स्तनांमधलं अंतर जास्त असलेल्या बायकांना ते कमी करून हवं असतं. त्यासाठी छातीच्या मधल्या हाडाला चिकटलेला स्नायू कापून इम्प्लांट आत सरकवता येतं. मी ते करत नाही. मधल्या हाडाजवळची कातडी फार पातळ असते, स्नायू सोडवला की तिथे झाकायला फक्त कातडी उरते, आणि ब्लाउजच्या गळ्यातून दिसणाऱ्या नेमक्या त्याच जागी घड्या येतात. त्या नंतर दुरुस्त करणं अत्यंत अवघड. तुमच्या दोन स्तनांमध्ये अंतर असेल तर ते अंतर राहू द्या.

आता कुठे आपण इम्प्लांटपाशी आलो.

मावसबहिणीचं आधी सांगते. सलाईनच्या इम्प्लांटमध्ये सिलिकॉनचं कवच आणि आत मिठाचं पाणी असतं. पाण्याला स्वतःची घडण नाही, म्हणून ते अर्धवट भरलेल्या दुधाच्या पिशवीसारखं वागतं. प्रत्येक पिशवीसाठी किमान आणि कमाल भरण्याचा आकडा कंपनीने ठरवून दिलेला असतो. किमानपेक्षा कमी भरलं तर घड्या पक्क्या, म्हणून सर्जन कमालच्या जवळ भरतात. आणखी जास्त भरलं तर पिशवी दगडासारखी होते आणि कडेला करवतीसारख्या दातेरी खुणा दिसतात. मग अमेरिकेत ती इतकी का वापरली गेली? १९९२ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध-उपकरण नियंत्रक संस्थेने, सिलिकॉन जेल इम्प्लांटवर कडक बंधनं घातली. कॅन्सरनंतरची पुनर्रचना वगैरे सोडली तर सौंदर्यासाठी ती जवळपास बंदच झाली. नोव्हेंबर २००६ मध्ये ती पुन्हा खुली झाली. त्या मधल्या चौदा वर्षांत एका अख्ख्या पिढीला सलाईनच मिळालं. आजही तिथे सौंदर्यासाठी सलाईन १८ व्या वर्षापासून आणि सिलिकॉन २२ व्या वर्षापासून, असा नियम आहे. आपल्याकडे सलाईन क्वचितच कोणी बसवतं. तुमच्या अंगकाठीला ते नकोच. त्याचा एक फायदा मान्य करते: फुटलं तर लगेच कळतं, पाणी शरीरात शोषलं जातं आणि स्तन बसतो. अचानक सुरकुत्या वाढल्या आणि एक बाजू लहान दिसायला लागली तर सलाईन गळत असण्याची शक्यता पहिली. मावसबहिणीच्या सुरकुत्या नव्यानेच वाढल्या असतील तर हे तिच्या कानावर घाला.

सिलिकॉन जेलमध्ये प्रकार आहेत. आजची सगळीच चांगली जेल एकसंध असतात, कापली तरी वाहत जात नाहीत. पण घट्टपणात फरक असतो, आणि दुसरा फरक कवच किती भरलेलं आहे याचा. मऊ जेल आणि थोडं सैल भरलेलं कवच: हाताला नैसर्गिक लागतं, पण उभं धरल्यावर वरून जास्त रिकामं होतं. घट्ट जेल आणि भरपूर भरलेलं कवच: घडी कमी, पण हाताला थोडं टणक, आणि पातळ कातडीखाली कड जास्त जाणवते. मेंटर आणि ॲलर्गन या दोन्ही कंपन्यांकडे घट्टपणाच्या तीन पायऱ्या आहेत. ॲलर्गनच्या नॅट्रेल इन्स्पिरामध्ये रिस्पॉन्सिव्ह सर्वांत मऊ, सॉफ्टटच मधलं आणि कोहेसिव्ह सर्वांत घट्ट. नावावर जाऊन सॉफ्टटच सगळ्यात मऊ समजू नका. मोटिव्हाकडेही वेगवेगळ्या घट्टपणाची जेल आहेत. त्यांचं एर्गोनॉमिक्स हलतं-फिरतं आणि हाताला छान लागतं, पण फार पातळ झाकणाखाली मी त्यांचंच थोडं घट्ट जेलवालं गोल इम्प्लांट पसंत करते. नाव कुठलं हे दुय्यम. सर्जनला सरळ विचारा, 'या कंपनीच्या घट्टपणाच्या पायऱ्यांमध्ये तुम्ही मला कितवी देताय आणि का?'

मग 'गमी बेअर' म्हणजे नेमकं काय? मूळात हा शब्द आकार न सोडणाऱ्या, अतिघट्ट जेलच्या, थेंबाच्या आकाराच्या इम्प्लांटसाठी रूढ झाला. अमेरिकेत सिएन्ट्राला २०१२ मध्ये आणि ॲलर्गनच्या ४१० व मेंटरच्या मेमरीशेपला २०१३ मध्ये मंजुरी मिळाली. ती घड्यांच्या बाबतीत खरोखर सर्वांत चांगली. पण थेंबाचा आकार आत फिरला तर स्तन वाकडा दिसतो, म्हणून ते जागच्या जागी धरून ठेवायला कवच खरखरीत करावं लागतं. आणि खरखरीत कवचामागे दोन दुखणी आहेत. पहिलं रिपलिंगचंच: कॅप्सूल, म्हणजे इम्प्लांटभोवती शरीर बनवतं ते अस्तर, खरखरीत कवचाला चिकटतं, आणि इम्प्लांट खाली ओढलं गेलं की वरची पातळ कातडीही सोबत ओढली जाते. रेघा उमटतात. अशा ओढीच्या सुरकुत्या गुळगुळीत कवचात जवळपास नसतात.

दुसरं दुखणं गंभीर. खरखरीत कवचाभोवती क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर, होतो. जुलै २०१९ मध्ये एफडीएने जगभरातल्या नोंदी मांडल्या तेव्हा ५७३ रुग्ण आणि ३३ मृत्यू होते. त्या ५७३ पैकी ४८१ जणींची इम्प्लांटं ॲलर्गनची होती. ॲलर्गनने आपल्या बायोसेल या खरखरीत कवचाची इम्प्लांटं जगभरातून परत मागवली. फ्रान्सने त्याआधीच, एप्रिलमध्ये, जाड खरखरीत कवचांवर बंदी आणली होती. कोट्यवधी इम्प्लांटांच्या मानाने आकडा लहान, पण धोका टाळता येण्यासारखा असताना तो घ्यायचा कशाला? आज दुकानात 'गमी बेअर' म्हणून जे दाखवतात ते बऱ्याचदा गुळगुळीत, गोल, घट्ट जेलचं इम्प्लांट असतं. ते चांगलं आहे. फक्त नावावर विश्वास ठेवू नका, कवच गुळगुळीत आहे का ते विचारून घ्या. घट्ट जेलला चीरही थोडी मोठी लागते, खालच्या घडीत पाचएक सेंटिमीटर. लहान चिरेतून जोर करून घुसवलं तर आतलं जेल तडकतं आणि मग तिथेच खड्डा किंवा घडी कायमची राहते. 'अगदी छोटी चीर' हे जाहिरातीतलं वाक्य इथे फायद्याचं नाही.

प्रोफाइलबद्दल गोंधळ फार असतो. रुंदी ठरली की तेवढ्याच रुंदीत जास्त पुढे आलेलं इम्प्लांट म्हणजे उंच प्रोफाइल. ते जास्त भरीव असतं, कवच ताणलेलं असतं, घड्या कमी पडतात. चपटं आणि रुंद इम्प्लांट पातळ छातीवर सर्वांत जास्त दगा देतं. पण फार उंच प्रोफाइल घेतलं तर छाती चेंडू ठेवल्यासारखी दिसते आणि मधलं झाकण जास्त ताणलं जातं. तुमच्यासारख्या अंगकाठीला बहुधा मध्यमच्या एक पायरी वरचं प्रोफाइल ठीक बसतं. आतला कप्पाही रुंदीला जुळता हवा. कप्पा अरुंद आणि इम्प्लांट रुंद असलं तर कड आत दुमडते आणि ती दुमड बोटभर लांब फुगवट्यासारखी बाहेरून दिसते. ही दुमड कुठल्याही जेलने जात नाही.

चरबीचं काय? पोट, मांडी किंवा कमरेतून चरबी काढून, स्वच्छ करून, इम्प्लांटवरच्या कातडीखालच्या थरात बारीक बारीक धारांनी सोडली तर झाकण जाड होतं. काखेकडच्या आणि मध्याकडच्या घड्यांवर याइतका चांगला उपाय नाही. इम्प्लांटसोबतच करता येतं, किंवा नंतर घड्या दिसल्या तर तेव्हा. सोडलेल्या चरबीतली साधारण निम्मी ते दोन-तृतीयांश टिकते, बाकीची शरीर शोषून घेतं, म्हणून कधीकधी दोनदा करावं लागतं. अडचण उघड आहे: ज्यांना चरबीची सर्वांत गरज, त्यांच्याकडेच ती कमी. ४६ किलोच्या बाईत कमरेच्या बाजूला आणि मांडीच्या आतल्या भागात चाचपून बघायला लागतं. दोन्ही बाजूंना लागणारी ६०-७० सीसी पुष्कळदा निघते, नुसत्या चरबीवर स्तन मोठा करण्याइतकी निघत नाही. धूम्रपान करत असाल तर महिनाभर आधी थांबवा, नाहीतर चरबी टिकत नाही आणि जखमही भरत नाही.

स्तनाच्या कॅन्सरसाठी पूर्ण स्तन काढल्यावर इम्प्लांट बसवतात तेव्हा हे सगळं आणखी कडक होतं, कारण ग्रंथी गेलेली असते आणि फक्त कातडी उरते. तिथे प्राण्याच्या किंवा मानवी त्वचेपासून बनवलेली जाळी, पाठीचा स्नायू, किंवा पोटाची चरबी-कातडी रक्तवाहिन्यांसह आणून स्तन घडवणं, असे मार्ग असतात. रेडिएशन झालेलं असेल तर इम्प्लांट आवळण्याची शक्यता वाढते. तुमचा विषय तो नाही, म्हणून एवढंच.

आणखी तीन गोष्टींनी सुरकुत्यांचं गणित बदलतं. पहिली, वजन. शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा किलो कमी झाले तर छातीवरची चरबी आधी जाते. हल्ली माउंजारो-वेगोव्हीसारखी वजन घटवणारी इंजेक्शनं घेऊन वजन उतरवलेल्या आणि 'इम्प्लांटला काहीतरी झालंय' म्हणत येणाऱ्या बायका वाढल्या आहेत. इम्प्लांट ठीक असतं, वरचं पांघरूण गेलेलं असतं. दुसरी, बाळंतपण. दुसरं मूल हवं असेल आणि ते एक-दोन वर्षांत ठरवलं असेल तर थांबा. गरोदरपण आणि दूध यांनी झाकण पुन्हा बदलतं, आणि आज बसवलेला आकार तेव्हा जुळेलच असं नाही. तिसरी, वेळ. ऑपरेशननंतरची सूज सहा-आठ आठवडे सगळं झाकून ठेवते. सूज उतरून कॅप्सूल स्थिरावल्यावर, साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, खरं चित्र दिसतं. मसाज, तेल, घट्ट ब्रा यांनी रिपलिंग थांबत नाही. मसाजचा सल्ला कोणी देत असेल तर तो वेगळ्या कारणासाठी असतो.

आणि तरीही घड्या दिसल्याच तर? सहा महिने थांबायचं. नंतर पातळ भागात चरबी, नाहीतर त्याच रुंदीचं जास्त घट्ट जेलचं इम्प्लांट, इम्प्लांट स्नायूवर असेल तर ते खाली घेणं, किंवा आकार कमी करणं. प्रत्येक दुरुस्ती पहिल्या ऑपरेशनपेक्षा अवघड आणि महाग. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा मिळत नाही (अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना असेल तर गोष्ट वेगळी) आणि बिलावर १८ टक्के जीएसटीही लागतो. म्हणून पहिल्याच वेळी थोडं लहान आणि बेताचं घेतलेलं बरं.

तुमच्या वर्णनावरून मी कुठे झुकेन? वरची चिमूट २ सेंटिमीटरपेक्षा कमी निघाली असं धरून: ड्युअल प्लेन, गुळगुळीत कवच, गोल, घट्ट जेल, मध्यमच्या एक पायरी वरचं प्रोफाइल, रुंदी तुमच्या पायाच्या रुंदीपेक्षा सव्वा-दीड सेंटिमीटर कमी. आकार बहुधा २२० ते २६० सीसीच्या आत. काखेकडची चिमूट एक सेंटिमीटरपेक्षाही कमी असेल तर सोबत थोडी चरबी, आणि त्या चरबीची जागा आधीच तपासून ठेवलेली. स्तन ओघळलेला असेल, म्हणजे स्तनाग्र खालच्या घडीच्या पातळीवर किंवा त्याखाली आलं असेल, तर हे सगळं बदलतं, कारण मग नुसतं इम्प्लांट भागत नाही.

पुढच्या भेटीत सर्जनला कॅलिपरने चारही ठिकाणची चिमूट मोजायला लावा आणि आकडे लिहून घ्या. सर्जन एम.सीएच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी आहेत का ते बघा. तुमच्यासारख्या अंगकाठीच्या बायकांचे वर्षभरानंतरचे, पुढे वाकून आणि हात वर करून काढलेले फोटो मागा. सरळ उभ्या राहून काढलेल्या फोटोत रिपलिंग बऱ्याचदा दिसतच नाही. ऑपरेशननंतर इम्प्लांटच्या खोक्यावरचे, अनुक्रमांक असलेले स्टिकर तुमच्या फाइलमध्ये लावून घ्या आणि त्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढे कधी एखादं मॉडेल परत मागवलं गेलं तर दवाखाना बदललेला असेल, कंपनी विकली गेलेली असेल, तेव्हा तोच अनुक्रमांक कामी येतो. सिलिकॉन फुटलं तर बाहेरून कळत नाही. म्हणून एफडीएच्या सल्ल्याप्रमाणे पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय, आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एकदा. कित्येक वर्षांनी एकाच बाजूला नव्याने घडी दिसायला लागली तर या तारखांची वाट बघत बसू नका, तपासणी लगेच करून घ्या.